चाकांच्या ट्रॉलीसाठी थ्रीडी प्रिंटेड हूक : आकार ठरवण्याआधी भाराची वाट पाहावी

तीन कप्प्यांची, चार चाकांची, पत्र्याची किंवा जाळीची ट्रॉली आता सांगली-मिरजेच्या बऱ्याच घरांत दिसते. कुठे ती स्वयंपाकघरात कांदे-बटाटे आणि मसाल्याचे डबे घेऊन उभी असते, कुठे शिवणयंत्राशेजारी रिळे आणि कात्र्या सांभाळते, कुठे आजारी माणसाच्या पलंगाजवळ औषधे आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र वाहते, तर मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्या एखाद्या कारखान्यात कानशी आणि तारांची वेटोळी घेऊन एका कारागिराकडून दुसऱ्याकडे फिरते. वापर काहीही असो, अडचण सगळीकडे एकच असते. ट्रॉलीला कप्पे असतात, पण टांगायला जागा नसते. त्यामुळे झारा, कात्री, टेप, पकड, पट्टी अशा लांबट वस्तू कप्प्यात आडव्या पडतात, एकमेकींखाली दबतात, आणि ट्रॉलीच्या चारही बाजू मात्र रिकाम्या राहतात.

बाजारात मिळणारे तयार हूक भिंतीसाठी किंवा गोल दांड्यासाठी केलेले असतात. ट्रॉलीच्या कप्प्याची कड या दोन्हींत बसत नाही, कारण ती दुमडलेल्या पत्र्याची, किंचित कललेली आणि प्रत्येक कंपनीची निराळी असते. म्हणून ज्यांच्या घरी किंवा ओळखीत थ्रीडी प्रिंटर आहे, त्यांनी हूक स्वतः आखून छापणे सोयीचे ठरते. हूक आखण्याचे काम वरवर सोपे दिसते, आणि खरोखर फार अवघडही नाही. मात्र त्यात चित्रकलेपेक्षा यंत्रशास्त्राचा भाग मोठा आहे. टांगलेल्या वस्तूचे वजन हुकातून कोणत्या वाटेने ट्रॉलीच्या कडेपर्यंत पोहोचते, हे ज्याला दिसले त्याचा हूक टिकतो. ज्याने फक्त आकार पाहिला, त्याचा हूक काही आठवड्यांत कोपऱ्यात तडकतो.

घरगुती प्रिंटर प्लॅस्टिकची १.७५ मिमी जाडीची तार वितळवून बारीक तोंडातून, म्हणजे नोझलमधून, सोडतो आणि वस्तू थरावर थर रचत उभी करतो. नोझलचे छिद्र बहुतेक यंत्रांत ०.४ मिमी असते आणि एका थराची उंची साधारण ०.२ मिमी ठेवली जाते. अमेरिकेतील स्कॉट क्रम्प यांना या पद्धतीचे पेटंट १९९२ मध्ये मिळाले होते. २००९ मध्ये त्याची मुदत संपली, आणि ज्या यंत्रांची किंमत पूर्वी केवळ कारखान्यांनाच परवडत होती ती हळूहळू घरात येऊ लागली.

या पद्धतीचा एक गुणधर्म पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे. एका थरातली प्लॅस्टिकची रेघ सलग असते, म्हणून तिच्या लांबीच्या दिशेने ती चांगला ताण सोसते. वरचा थर खालच्या थराला मात्र फक्त उष्णतेने चिकटलेला असतो, आणि ती चिकटण रेघेइतकी मजबूत नसते. कित्येकदा ती निम्म्यावरही येते. तंबोऱ्याची दांडी घडवणाऱ्या कारागिराला हे वेगळे सांगावे लागणार नाही, कारण लाकूडही रेषांच्या दिशेने ताण सोसते आणि रेषांमध्ये पाचर घातली की सहज फाटते. फरक इतकाच की लाकडाचे रेषे झाडाने ठरवलेले असतात, तर हुकाचे थर कोणत्या दिशेने पडावेत हे आपण ठरवतो.

आधी कड मोजावी

संगणकापुढे बसण्याआधी ट्रॉलीपुढे बसावे. व्हर्निअर कॅलिपर हाताशी असणे आवश्यक आहे. साध्या पट्टीने अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळत नाही, आणि हूक घट्ट बसणार की खडखडणार हे तेवढ्याच फरकावर ठरते. कप्प्याच्या कडेची जाडी किमान चार ठिकाणी मोजावी, कारण दुमडलेला पत्रा सगळीकडे सारखा नसतो आणि वेल्डिंगजवळ तो फुगलेला असतो. त्यांतले सर्वांत मोठे माप आखणीसाठी धरावे. त्यानंतर कडेची दुमड खाली किती उतरते आणि तिच्या आत बोट जाईल इतकी पोकळी आहे का, हे पाहावे, कारण ती पोकळी पुढे हूक अडकवून ठेवण्याच्या कामी येते.

बहुतेक जणांकडून एक माप राहून जाते, ते म्हणजे कप्प्याच्या भिंतीचा कल. बरेच कप्पे वर रुंद आणि खाली अरुंद असतात. कडेवरून दोरीला बांधलेला एखादा नट ओळंब्यासारखा सोडला आणि ६० मिमी खाली दोरी व भिंत यांच्यातले अंतर मोजले, की हा कल कळतो. हे अंतर ४ मिमी असेल आणि हुकाची मागची पाठ आपण अगदी सरळ काढली, तर पाठीचे टोक हवेतच राहील आणि वजन टांगताच हूक भिंतीकडे कलेल. पाठीला तेवढाच कल देणे, किंवा तिच्या खालच्या टोकाला ४ मिमीची गादी ठेवणे, हे त्यावरचे दोन सरळ उपाय आहेत. कप्पा जाळीचा असेल तर पाठ किमान दोन तारांवर टेकेल इतकी रुंद असावी. नाहीतर ती दोन तारांच्या मधल्या फटीत शिरते.

भार कसा उतरतो

आता असा हूक डोळ्यांपुढे आणावा की ज्याचा ओठ कडेवरून कप्प्यात उतरला आहे, पाठ बाहेरच्या बाजूने भिंतीलगत खाली आली आहे आणि तिच्या खालच्या भागातून एक भुजा बाहेर निघून टोकाशी वर वळली आहे. या भुजेवर भिंतीपासून ३० मिमी अंतरावर एक किलोची वस्तू टांगली. ते वजन केवळ खाली ओढत नाही, तर साऱ्या हुकाला कडेभोवती फिरवू पाहते. ओठ बाहेरच्या दिशेने ओढला जातो आणि पाठीचे खालचे टोक भिंतीवर दाबले जाते. हा दाब किती, ते पाठीच्या लांबीवर अवलंबून असते. पाठ २० मिमी लांब असेल तर टोकाशी दीड किलोचा जोर येतो; ६० मिमी असेल तर तोच जोर अर्ध्या किलोवर येतो. पाठ लांबवायला साधारण चार ग्रॅम प्लॅस्टिक जास्त लागते, आणि त्याच्या बदल्यात कडेवरचा जोर एक तृतीयांश होतो. माझ्या मते हुकाच्या आखणीत इतका फायदेशीर सौदा दुसरा नाही. तरीही इंटरनेटवरून आयते उतरवून घेतलेले बरेच नमुने दिसायला सुबक असावेत म्हणून आखूड पाठीचे केलेले आढळतात.

जाडीचा हिशेबही एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. भुजा १२ मिमी रुंद आणि ६ मिमी जाड धरली, तर वरील वजनामुळे तिच्या मुळाशी दर चौरस मिलिमीटरवर साधारण ४२० ग्रॅमचा ताण येतो. तीच भुजा ३ मिमी जाड केली तर ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे १.७ किलोच्या आसपास जातो, कारण वाकण्याचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. चांगले पीएलए, म्हणजे घरगुती प्रिंटरमध्ये नेहमी वापरले जाणारे प्लॅस्टिक, थरांच्या दिशेने दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५ किलो ताण सोसते. ३ मिमीची भुजा या हिशेबात उभ्या ट्रॉलीवर सुरक्षित वाटते. पण ट्रॉलीला चाके आहेत. वजन एकाएकी येऊन पडले की ताण स्थिर वजनाच्या दुप्पट होतो, आणि ट्रॉली उंबऱ्यावरून खाली आदळली तर त्याहूनही अधिक. तो तिप्पट झाला असे धरले तर ३ मिमीची भुजा मोडण्याच्या उंबरठ्यावर जाते, ६ मिमीची भुजा मात्र पाव सहनशक्तीतच काम भागवते.

थरांची दिशा आणि आतला कोपरा

हूक छापताना तो प्रिंटरच्या पाटावर कुशीवर निजवावा, म्हणजे ओठ, पाठ आणि भुजा यांची सगळी वळणे पाटाला समांतर येतात. असे केल्याने प्रत्येक थरात नोझल हुकाच्या कडेने सलग फिरते आणि प्लॅस्टिकची अखंड रेघ ओठापासून भुजेच्या टोकापर्यंत जाते. भाराची वाट आणि रेघेची वाट एकच होते. १२ मिमी रुंदीचा हूक ०.२ मिमीच्या थरांनी छापला तर असे ६० थर होतात, आणि प्रत्येक थर म्हणजे एक सबंध पातळ हूक असतो. तोच हूक उभा छापला तर खाली ओढणारा भार थरांना एकमेकांपासून सोलू लागतो; पाठीवर निजवून छापला तर भुजा मुळाशी तुटते. कुशीवर छापण्याचा आणखी एक लाभ असा की लोंबता भाग उरत नाही, त्यामुळे आधारासाठी फुकटचे प्लॅस्टिक खर्च होत नाही.

आतल्या जाळीचे, म्हणजे इन्फिलचे, प्रमाण वाढवले की हूक मजबूत होतो, असा समज फार पसरलेला आहे. पण वाकणाऱ्या वस्तूत सर्वांत जास्त ताण बाहेरच्या पृष्ठभागाजवळ असतो आणि मध्यभागी तो जवळजवळ शून्य असतो. म्हणून मधली जाळी दाट करण्यापेक्षा बाहेरच्या भिंतींची, म्हणजे हुकाच्या कडेने फिरणाऱ्या सलग रेघांची, संख्या वाढवणे फलदायी ठरते. आखलेल्या आकाराचे थर पाडून देणाऱ्या स्लायसर या प्रणालीत सामान्यतः दोन किंवा तीन भिंती ठेवलेल्या असतात. हुकासाठी त्या पाच-सहा कराव्यात. ०.४५ मिमी रुंदीच्या सहा रेघा दोन्ही बाजूंनी धरल्या तर ६ मिमी जाडीतले ५.४ मिमी सलग रेघांनीच भरते आणि जाळीचा प्रश्न उरत नाही.

भुजा आणि पाठ जिथे मिळतात तो आतला कोपरा काटकोनात सोडू नये. वजन टांगल्यावर आतली बाजू ताणली जाते, आणि टोकदार कोपऱ्यात तो ताण एका रेषेवर एकवटतो. तिथे गोलाई दिली की तो पसरतो. गोलाईची त्रिज्या जाडीच्या निम्म्याहून कमी नसावी, म्हणजे ६ मिमी जाडीला किमान ३ मिमी, आणि जागा असेल तर त्याहून अधिक. ओठाच्या वळणालाही हेच लागू आहे. मात्र तिथे ट्रॉलीच्या कडेची स्वतःची गोलाई मोजून तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

वस्तू ठेवण्याचे पेले आणि खाचा

हुकाला जे चालते ते पेल्याला चालत नाही. पेन, स्क्रूड्रायव्हर किंवा चमचे ठेवण्याचा पेला उभाच छापावा लागतो, नाहीतर त्याची पोकळी आधाराने भरून जाते. पण पेल्याला चिकटलेला ओठही मग उभाच छापला जातो आणि थर नेमके चुकीच्या दिशेने पडतात. यावर पेला आणि हूक निराळे छापणे हा उत्तम मार्ग आहे. हूक कुशीवर छापावा, पेला उभा छापावा, आणि सुतार जसा डव्हटेलचा, म्हणजे टोकाकडे रुंद होणाऱ्या जिभेचा, सांधा करतो तशी पेल्याच्या पाठीवर खाच व हुकावर तिला जुळणारी जीभ ठेवून एकात दुसरा वरून सरकवावा. वजन खाली ओढत असल्याने सांधा आपोआप घट्ट राहतो. शिवाय एकच हूक नीट जमला की त्यावर आज पेला, उद्या कात्रीची खाच, परवा टेपची चकती बसवता येते, आणि ट्रॉली बदलली तर फक्त हूक नव्याने छापावा लागतो.

अशा जोडांमध्ये किती मोकळीक ठेवावी, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. सरकत्या सांध्याला दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ०.२ मिमी, आणि कडेवर बसणाऱ्या ओठाला एकूण ०.३ ते ०.५ मिमी मोकळीक बहुधा पुरते. पण प्रत्येक यंत्राचा स्वभाव निराळा असतो. पहिला थर पाटावर दाबला जाऊन किंचित पसरतो, आणि गोल छिद्रे आखल्यापेक्षा थोडी लहान छापली जातात. म्हणून संपूर्ण हूक छापण्याआधी फक्त ओठाचा ५ मिमी रुंदीचा काप वेगवेगळ्या मोकळिकीने छापावा, प्रत्येकावर त्याचे माप कोरावे आणि ट्रॉलीवर बसवून पाहावा. पहिल्या थराच्या कडांना अर्ध्या मिलिमीटरचा तिरका छेद दिला की पसरलेल्या कडेचा त्रास जातो.

खाच आखताना वस्तू कशी बसते यापेक्षा हात ती कशी उचलतो ते पाहावे. दिवसातून वीसदा लागणाऱ्या कात्रीची खाच समोरून उघडी आणि सैल असावी. महिन्यातून एकदा लागणारी पाती घट्ट बसलेली चालतात. तार-वाद्यांच्या कारखान्यात कानशी एकाच पेल्यात ठेवल्या तर त्यांचे दाते एकमेकांवर घासून बोथट होतात, म्हणून प्रत्येक कानशीला स्वतंत्र घर हवे. तारांच्या वेटोळ्याला बारीक खुंटी दिली तर वजनाने तार एका जागी मुडपते. त्याऐवजी ५०-६० मिमी व्यासाची अर्धगोल चकती भिंतीबाहेर काढली तर वेटोळे तिच्यावर निवांत बसते.

जाळीच्या तारेवर किंवा ट्रॉलीच्या उभ्या नळीवर दाबून बसवायची चाप हा थोडा नाजूक प्रकार आहे. चापेची बाही उघडताना प्लॅस्टिक ताणले जाते. १५ मिमी लांब आणि २ मिमी जाड बाही १ मिमी उघडली तर ताण सुमारे १.३ टक्के येतो. लांबी १० मिमी केली तर तो ३ टक्क्यांवर जातो, आणि पीएलए तिथे बहुधा तडकते. बाही लांब व पातळ ठेवावी. बसल्यानंतर ती पूर्ण सैल झाली पाहिजे हेही महत्त्वाचे आहे, कारण सतत ताणलेले प्लॅस्टिक हळूहळू त्याच आकारात स्थिरावते आणि पकड निघून जाते.

लोहचुंबकाचा मोह पत्र्याच्या ट्रॉलीवर सहज होतो. चुंबक सरळ ओढीला जितका धरून राहतो त्यापेक्षा खाली घसरण्याला बराच कमी विरोध करतो, आणि टांगलेले वजन नेमके खालीच घसरवते. हलक्या चिठ्ठीसाठी किंवा सुयांच्या डबीसाठी तो ठीक आहे, वजनासाठी नाही. काही स्टेनलेस स्टीलला तर चुंबक चिकटतच नाही.

प्लॅस्टिक कोणते

पीएलए छापायला सर्वांत सोपे आणि ताठ असते, पण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडू लागते. सांगलीचा एप्रिल-मे महिना घरातल्या सावलीत त्याला काही करत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या कारखान्यात, उन्हाच्या खिडकीशी किंवा गॅसच्या शेगडीला खेटून उभ्या ट्रॉलीवर मात्र भरलेला हूक दुपारी हळूच लांबतो. अशा जागी सुमारे ८० अंशांपर्यंत टिकणारे पीईटीजी हे दुसरे प्लॅस्टिक वापरावे. ते किंचित लवचीक असल्याने चापेलाही तेच बरे. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात तारेचे रीळ उघडे राहिले तर ते हवेतली ओल शोषते, छापताना नोझलमधून चटचट आवाज येतो आणि थर नीट चिकटत नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह रीळ ठेवणे हा स्वस्त उपाय आहे.

स्वयंपाकघरातील ट्रॉलीसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थरांमधल्या बारीक खाचांत अन्नाचे कण आणि जंतू राहतात, म्हणून झाऱ्याची दांडी धरणारा हूक चालेल, पण झाऱ्याचे तोंड टेकेल असा पेला नको. आणि पांढरे प्लॅस्टिक निवडू नये. हळदीच्या गावात ते किती दिवस पांढरे राहील, हे सांगलीकराला विचारण्याची गरज नाही.

चालत्या ट्रॉलीचा हिशेब

बाजूला वजन टांगल्याने ट्रॉली उलटेल अशी भीती अनेकांना वाटते. ती बरीचशी निराधार आहे. भरलेली ट्रॉली १० किलोची आणि चाकांमधले अंतर ३० सेंमी धरले, तर चाकांच्या ८ सेंमी बाहेर टांगलेल्या वस्तूला ती उलटवण्यासाठी १८ किलोंहून अधिक वजन लागेल. खरा धोका ढकलण्यात आहे. पुढची चाके उंबऱ्याला किंवा फरशीच्या कडेला अडली आणि आपण ७५ सेंमी उंचीवर ढकलत राहिलो, तर तीच ट्रॉली अवघ्या दोन किलोंच्या जोराने मागची चाके उचलू लागते. खालच्या कप्प्यात सहा किलोंचे सामान वाढवले तर हा जोर ३.२ किलोंवर जातो, आणि वजन खाली असल्यामुळे ट्रॉली पूर्ण कोसळण्याआधी सावरायला अवधीही मिळतो. म्हणून जड वस्तूंचे हूक खालच्या कप्प्याच्या कडेवर आणि हलक्यांचे वर, हा नियम पाळावा.

हिसक्यात हूक वर उडून निसटू नये यासाठी ओठ कप्प्यात किमान १५ मिमी उतरावा आणि कडेची दुमड पोकळ असेल तर पाठीच्या आतल्या अंगाला १ मिमीचा उंचवटा ठेवावा, म्हणजे तो दुमडीखाली अडकतो. भुजेचे टोकही १२ ते १५ मिमी वर उचललेले असावे. दोन्ही बाजूंनी हूक लावण्याआधी दाराची रुंदी मोजावी. न्हाणीघराचे आणि जुन्या घरांचे दार अरुंद असते, आणि बाहेर आलेला हूक चौकटीत अडकला की तुटतो तो हूकच.

आखणीसाठी टिंकरकॅड हे ब्राउझरमध्ये चालणारे साधन सुरुवातीला पुरेसे आहे. पुढे फ्रीकॅड किंवा ओपनएससीएडी वापरले तर कडेची जाडी, भिंतीचा कल, मोकळीक ही मापे नावे देऊन साठवता येतात आणि ट्रॉली बदलली की आकडे बदलून नवा हूक मिळतो. ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. वर सांगितलेल्या मापांचा हूक पूर्ण भरीव छापला तरी साधारण १२ ग्रॅमचा होतो. किलोभर रीळ हजार रुपयांना धरले तर प्लॅस्टिकचा खर्च १२ रुपये येतो. इतक्या कमी खर्चात जाडी वाचवण्यात काही अर्थ नाही.

छापून झाल्यावर हूक लगेच कामाला लावू नये. ज्या वस्तूसाठी तो केला तिच्या तिप्पट वजनाची तांदळाची पिशवी त्याच्यावर रात्रभर टांगावी, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीची दुपारही तशीच जाऊ द्यावी. पिशवी काढून आतल्या कोपऱ्याशी पांढुरकी रेघ उमटली आहे का, भुजा खाली कलून तशीच राहिली आहे का आणि ओठ कडेपासून सुटला आहे का, हे पाहावे. पांढुरकी रेघ दिसली तर गोलाई वाढवावी, भुजा कलली असेल तर जाडी वाढवावी किंवा प्लॅस्टिक बदलावे, आणि ओठ सुटला असेल तर पाठ आणखी लांब करावी.